फिल्टरमधून गाळलेला आकडा

नांदेडच्या आमच्या सभागृहाचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस मीटरशीच पुटपुटतो, माणसांशी क्वचित. त्या दुपारी संध्याकाळच्या कार्यक्रमाचे गायक लातूरहून आमच्याकडे निघायच्या तयारीत होते. आमचा अ‍ॅम्प्लिफायर स्विचिंग जातीचा; त्याची फार वरच्या पट्टीतली, ऐकू न येणारी खरखर मीटरला फसवते, म्हणून त्याने मध्ये ती गाळणारा फिल्टर जोडला. आवाजातल्या बिघाडाचा आकडा एकदम खाली आला.

"झालं की भाऊ. आवरा आता," मी म्हटलं.

"थांबा ताई. चाचणीचा सूर लई वरचा हाय. त्यातला बिघाड आनखी वर जातो, त्यो बी फिल्टरनंच गाळला असंल."

त्याने सूर खाली आणला. आकडा चढला. तो झाकणाचे स्क्रू काढू लागला.

"आणि कार्यक्रम?"

"तुमचं तुमी बघा. असा मी देत न्हाई."

मी लातूरला फोन लावून गायकांची गाडी थांबवली. त्याने मानही वर केली नाही.