‘आय्तु’ म्हणजे पक्कं नव्हे

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तिला कळलंच नाही. मुलांना सांगायचा प्रश्नच नव्हता — मुलं मला हुशार समजतात आणि मला ते आवडतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून. आणि एक आधीच बजावून ठेवतो. वाचून झालं की ‘अहो, वयच होतं ते’ असलं काही म्हणू नका. वयाला कशाला मध्ये ओढता? त्या वयातली कितीतरी पोरं सरळ वागत होती.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. चादरी-टॉवेलची एक मोठी पेढी होती, नाव कशाला घेऊ? तिथं मी लागलो. लागलो म्हणजे — मामांनी चिकटवलं. आईचे थोरले भाऊ. मूळचे अक्कलकोटकडचे, पण सगळी हयात हुबळीत एका कापडाच्या घाऊक दुकानात गेली. त्या दुकानाची खरेदी मामांच्या हातात, आणि चादरी घ्यायच्या त्या आमच्याच पेढीकडून. मामा आमच्या मालकांना एवढंच म्हणाले होते, “पोरगं आपलं हाय.” तेवढ्यावर मला खुर्ची मिळाली.

मला उपकार वाटायला हवे होते ना? मला राग आला. मी पुण्याला जाऊन ‘सिस्टिम’चा कोर्स करून आलो होतो. चौकोन काढायचे, बाण काढायचे, आणि कुठलंही काम कुणी, कधी, कशानंतर करायचं ते कागदावर मांडायचं — हे शिकून आलो होतो. आणि पेढीत मी कोण? मामांचा भाचा. हमालसुद्धा तसंच म्हणायचे. आपण कुणाच्या तरी शब्दावर उभे आहोत, ही गोष्ट काही माणसांना आयुष्यभर टोचते. मी त्यातला.

मग पेढीत टेलेक्स आलं. इकडं टाइप करा, तिकडं हुबळीच्या यंत्रावर अक्षरं उमटणार. मालक यंत्राभोवती लहान पोरासारखे फिरत होते. पण यंत्र आलं म्हणून व्यवहार होतो का? कोण आधी बोलणार, कुठल्या शब्दाला काय उत्तर द्यायचं, कुठलं उत्तर आलं की माग चालू करायचे — हे दोन्हीकडं सारखं ठरलेलं नसेल, तर यंत्र फक्त भांडणं लवकर पोचवणार. हे मी मालकांना सांगितलं आणि काम माझ्याकडंच आलं. मी भला मोठा नकाशा काढला. डावीकडं हुबळी, उजवीकडं सोलापूर, मध्ये बाण. चांगला होता तो नकाशा. हेही सांगतो, कारण खोटा विनय मला जमत नाही.

यंत्राला इंग्रजी अक्षरंच कळायची, पण शब्द आम्ही आमचे घेतले. दोन्हीकडची माणसं कानडी-मराठी घरांतली, इंग्रजीत कोण कशाला धडपडेल? ‘बेकु’ म्हणजे हवंय. त्यावर आम्ही भाव आणि माल कधी मिळेल ते कळवायचं. मग हुबळीहून ‘आय्तु’. आणि शेवटी ‘पक्का’.

आता हे ‘आय्तु’ प्रकरण तुम्हाला सांगायला हवं. कानडीत त्याचा अर्थ ‘झालं’. पण आमच्या घरात कुणी ‘आय्तु’ म्हटलं की काहीही झालेलं नसायचं. आई म्हणायची, दळण आण. मी म्हणायचो, आय्तु. आणि विटी-दांडू खेळायला पळायचो. म्हणजे ऐकलं. बस. करीनच असं नाही, नाहीच करणार असंही नाही. या एका शब्दावर मी सगळं बालपण कामं चुकवली आहेत. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता असं कोण म्हणेल? म्हणून तर मामांनी नकाशा बघून शेवटचा चौकोन वाढवायला लावला होता. “आय्तु म्हंजे निस्तं ऐकलं, तम्मा. त्येच्यावर माग चालू करू नगा. पक्का आलं की मगच.” लाडानं ते मला तम्मा म्हणायचे, माझ्या मिशा फुटल्या तरी.

नकाशात सगळे चौकोन माझे. एक मामांचा. कळतंय ना, कुठं निघालोय ते?

काही महिने सुरळीत गेले. मग मालक कुरकुरू लागले. आय्तु येतं, पक्का यायला चार-आठ दिवस लागतात, तोवर माग दुसऱ्याच मालाला गुंततात. मी म्हटलं, सोपं आहे, पक्का काढून टाकू. आय्तु आलं की ठरलं, माग चालू. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. विचारलं, “हुबळीला कळवलं न्हवं?” मी म्हटलं, “कळवतो की.”

नाही कळवलं. ट्रंक कॉल लावायचा, तासन् तास वाट बघत बसायचं — उद्या लावू म्हटलं. पण ही थाप आहे. शेजारी यंत्र धडधडत होतं, दोन ओळींत कळवता आलं असतं. मामांना ‘तुमचा चौकोन मी खोडला’ असं सांगावं लागलं असतं. ते म्हणाले असते, का रं? आणि त्या ‘का रं’ला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून नाही कळवलं.

आणि सगळ्यात वाईट काय माहीत आहे? त्यानंतरही मामांचा ‘पक्का’ येतच राहिला. प्रत्येक व्यवहाराला — आधी आय्तु, मग काही दिवसांनी पक्का. तो मी माझ्या डोळ्यांनी वाचत होतो. म्हणजे या माणसाला बदल माहीत नाही, हे मला दर वेळी नव्यानं कळत होतं. मी हसायचो. म्हातारं जुनं सोडत नाही, म्हणायचो. अहो, नवं सांगितलं होतं का कुणी त्याला?

मग व्हायचं तेच झालं. हुबळीकडच्या एका धर्मशाळेसाठी चादरी हव्या होत्या, प्रत्येक चादरीत कानडी अक्षरांत धर्मशाळेचं नाव विणलेलं. आम्ही भाव कळवला. हुबळीहून आलं — आय्तु. आम्ही अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मागांची वेगळी जोडणी करून घेतली आणि विणायला सुरुवात केली. या वेळी पक्का आलाच नाही. तोही मला दिसला, न आलेला. धर्मशाळेच्या पंचांत वाद झाले होते आणि त्यांनी बेत सोडला होता. मामा बिचारे निवांत. पक्का दिलेलाच नव्हता ना! आणि एक दिवस त्यांच्या दारात गाठोडी उतरली. नाव विणलेल्या चादरी. दुसरं कोण घेणार त्या?

हुबळीचे शेठ मामांना घेऊन सोलापूरला आले. पेढीच्या गादीवर बैठक बसली. शेठ तरुण होते, वडिलांच्या मागं नुकतंच दुकान हाती आलेलं, आवाज चढलेला. आमचे मालक शांत. त्यांनी नकाशा उलगडला. आय्तु, आणि त्यापुढं थेट माग. शेठ मामांकडं वळले. मामा म्हणाले, “पक्का कुटं गेला ह्यातला?” मालकांनी माझ्याकडं बघितलं. “हुबळीला कळवलं होतंस न्हवं?”

एक शब्द पुरेसा होता. ‘नाही’. काय झालं असतं? नोकरी गेली असती. जाऊ द्यायची होती! तरणाबांड, शिकलेला, बिनलग्नाचा — मला काय, कुठंही भाकरी मिळाली असती. पण मी म्हटलं, “ट्रंक कॉल केला होता. मामांनाच सांगितलं.” घसा खाकरलासुद्धा नाही. टेलेक्सची फाईल कपाटात होती. कुणी उघडून बघितली असती तर मामांचे सगळे जुने पक्के तिथं रांगेनं सापडले असते. कुणी उघडली नाही. शिकलेल्या पोराच्या शब्दावर कोण कशाला फाईल बघेल?

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. काहीतरी शोधल्यासारखं बघितलं. मग मान खाली घातली आणि म्हणाले, “व्हय. सांगितलं असंल. पोरगं खोटं कशाला बोलंल? माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय.”

माल हुबळीच्या माथी बसला आणि मामा घरी बसले. हुबळी सोडून ते गावाकडं आले, अक्कलकोटच्या पलीकडं. बाजारात मामांना आप्पा म्हणायचे; तिथं बोभाटा झाला — आप्पांचं आता काही खरं नाही, दिलेला शब्द ध्यानात राहत नाही त्यांच्या. ज्या माणसाच्या एका ‘व्हय’वर सोलापूर-हुबळीत गाड्या भरून माल सुटायचा, त्याच्याबद्दल हे. आणि मी? मालकांनी मला बढती दिली. वर दुसऱ्या पेढ्या मला बोलवायला लागल्या, आम्हालाही नकाशा काढून द्या म्हणून. तिथं मी काय सांगायचो ऐका. नियम दोन्हीकडं नीट समजले पाहिजेत, नाहीतर आमच्या एका म्हाताऱ्या खरेदीवाल्यासारखं होतं — अशी सुरुवात करायचो. लोक हसायचे. मी थांबायचो, हसू ओसरू द्यायचो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. मी ते मोजून वर लोकांना हसवत होतो.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत एकाच गोष्टीवर घातली. मामांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी मला पाठीशी घातलं. मोठ्या मनाचा माणूस, भाच्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतलं. किती सोयीचं, नाही? त्यांचा मोठेपणा जितका वाढवावा तितकं माझं पाप हलकं. त्या समजुतीवर मी झोपलो, लग्न केलं, घर बांधलं.

बऱ्याच वर्षांनी आईच्या आग्रहावरून गावी गेलो. मामा मळ्याकडं गेले होते. मामी चहा टाकता टाकता सहज बोलल्या. “त्या सोलापूरच्या भानगडीपास्नं ह्यांचा सोताच्या डोस्क्यावर इस्वास न्हाय बघ. दाराला कडी लावली का म्हनून दोन-दोन डाव उठत्यात. कुनाला कायबी ठाम सांगत न्हाईत. सोयरिकी जुळवायचे, ते बी सोडलं. म्हनत्यात, माजं ध्यान गेलंय, माज्या शब्दावर कुनाची पोर देऊ?”

मी कपबशी खाली ठेवली. म्हणजे पाठीशी घातलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता! माझं खोटं आणि त्यांची स्वतःची आठवण — दोन्ही समोर होती आणि त्यांनी माझं उचललं. माझ्यापायी स्वतःला विसरभोळं ठरवलं. मी त्यांची नोकरी घेतली असं मला वाटत होतं. नोकरी काय घेऊन बसलात? त्या माणसाचं डोकं शाबूत होतं, ते मी त्याच्या हातून काढून घेतलं.

मामा आले. थकले होते, पण मला बघून तोंड उजळलं. मुलाबाळांची चौकशी झाली. जेवणं झाली. मामी भांडी घेऊन मागं गेल्या तेव्हा ते माझ्याजवळ सरकून बसले. आवाज खाली आणला. त्यांना विचारायची लाज वाटत होती — त्यांना!

“तम्मा, एक इचारू? रागावू नगंस. कदी कदी वाटतं, तुजा फोन आलाच न्हवता मला. लई आटवून बगतो, आटवत न्हाय. तू केलावतास न्हवं?”

विचार करा. आता नोकरीची भीती नव्हती, मालक केव्हाच वारले होते. अंगणात आम्ही दोघंच. एका ‘नाही’वर हा म्हातारा रात्री उठून कडी तपासायचा थांबला असता. त्याला राग आला असता, त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या, आणि त्याची सगळी आठवण त्याची त्याला परत मिळाली असती. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. न कळून झालं असं म्हणायलाही जागा नाही.

मी म्हटलं, “केला होता, मामा.”

त्यांनी मान हलवली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “बरं झालं इचारलं. उगंच तुज्यावर संशय घेत हुतो इतकी वर्सं. मनावर घेऊ नगंस, बाबा. माज्याकडनं चुकलं.”

आणि मी — मी त्यांना म्हणालो, “असू द्या मामा. होतं असं.”