तिवई

अर्धांगवायूच्या झटक्यात आईची वाचा गेली. दोन महिन्यांनी एकेक शब्द परत यायला लागला. पाणी. नको. मग माझं नाव. आठवड्यातून एकदा मी तिला पनवेलला स्पीच थेरपीसाठी एका तरुण मॅडमकडे न्यायचे. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या, आईनं नावं सांगायची. आपसूक आलेला शब्द जपायचा, त्याच्या मागोमाग बाकीचे येतात, असं त्यांनीच मला बजावलं होतं.

एकदा कार्डावर सोफ्यापुढचं बुटकं टेबल आलं. आई क्षणाचाही वेळ न लावता म्हणाली, "तिवई."

"तिवई नाही आजी, टीपॉय," म्हणत मॅडमनी वहीत फुली मारली.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण बोलायला मला तोंड होतं कुठे? मी शाळेत इंग्रजी शिकवते. आई उरणकडच्या मिठागरात वाढलेली. नवीन पनवेलच्या ब्लॉकमध्ये पाहुण्यांसमोर ती "चाय तिवईवर ठेव" म्हणाली, की मीच टोकायचे, "आई, टीपॉय म्हण गं." वीस वर्षं हेच चाललं होतं. ती ओशाळून हसायची आणि पुढच्या वेळी परत तिवईच म्हणायची.

घरी आल्या आल्या रागारागानं जाडा शब्दकोश काढला. मी आपली समजत होते, टी म्हणजे चहा, म्हणून चहाचं टेबल ते टीपॉय. कसलं काय! चहाचा काडीचा संबंध नाही. मूळ शब्द हिंदीतली तिपाई, तीन पायांची. म्हणजे आमच्या तिवईची सख्खी बहीण. साहेबाला त्यात चहा ऐकू आला, त्यानं स्पेलिंगही तसंच करून टाकलं. आता तिकडे तो शब्द फारसा कुणी वापरत नाही. आणि आम्ही फर्निचरच्या दुकानातून चार पायांच्या टेबलासकट तो घरी आणला, वर त्यासाठी आईला शहाणपण शिकवलं. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून मी मठ्ठ ती मठ्ठच.

पुढच्या खेपेला मॅडमना सगळं सांगितलं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी फुली खोडली, आईला सॉरी म्हणाल्या आणि तेच कार्ड पुन्हा समोर धरलं.

आईनं कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ जुळेनात. कपाळावर घाम आला.

"टी... पॉय."

आठवडाभर ती पडल्या पडल्या काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय.

"आई, तिवई म्हण. तेच बरोबर आहे."

तिनं मान हलवली. "नाय. चूक हाय," म्हणाली, आणि पाहुण्यांसमोर हसायची तशी ओशाळून हसली, अर्ध्याच तोंडानं.