आईचे आठ दिवस

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्हाला अभियांत्रिकी अर्थशास्त्र नावाचा एक पातळसा विषय होता. बाकीच्यांनी तो आदल्या दिवशी वाचला आणि पास झाले. मी तो घरी वडिवळ्याला घेऊन आले आणि आईला छळलं. मिक्सर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, आंबीच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर स्कूटीने जायचं की बसने, सगळ्याला माझी वही तयार. त्यातला एक नियम मला फार प्रिय होता. जो खर्च होऊन गेला तो बुडीत. निर्णय घेताना तो धरायचा नाही, फक्त पुढचं बघायचं. "आवंदाच त्या मिक्सरवर पैसं घातलं की गं," असं आई कुरकुरली, की मी तिला हा नियम ऐकवायची. ती मुकाट्याने चहा ठेवायला जायची.

मग मला ती नोकरी लागली, आणि त्याच वर्षी आईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं, आणि लावणी तर तोंडावर आलेली. आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. आळीतल्या आठ घरच्या आठ बायका एक दिवस आमच्या खाचरात येतात, आणि आई त्या प्रत्येकीच्या खाचरात एकेक दिवस जाते. मी वही काढली. आईचे आठ दिवस मजुरीच्या दराने धरले तर आठ मजूर एक दिवस लावल्याइतकेच पडतात. वर गुडघ्यांचं औषधपाणी धरलं की सावड सरळ तोट्यात. मी जाहीर केलं, "या वर्षीपासून सावड बंद. मजूर आणायचे."

"तीस सालं सावडीत हाय मी," आई म्हणाली.

"ते बुडीत, आई. पुढचं बघ."

"तुजा हिशेब बरुबर आसंल बाय," ती म्हणाली आणि वाद घातला नाही. तिने वाद घातला नाही म्हणजे तिला पटलं, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच शेजारच्या मावशीला निरोप दिला. त्यानंतर सकाळी बायका बोलत, हसत दारावरून लावणीच्या तयारीला जायच्या आणि आई तांदूळ निवडत बसायची. निवडलेलेच तांदूळ ती पुन्हा निवडत होती. मी ते पाहिलं, पण वहीत कुठे लिहायचं ते मला सुचलं नाही.

मजूर मी शनिवारचे ठरवले. शनिवारी मला सुट्टी, म्हणजे रजा मोडायला नको. न घेतलेल्या रजेचे वर्षाअखेर पैसे मिळतात. एवढा बारीक विचार केला, आणि पावसाळ्यातला शनिवार म्हणजे लोणावळ्याच्या बंगल्यांवर झाडलोटीला दुप्पट मजुरी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सकाळी मजुरांना आणणारा पिकअप आलाच नाही. फोन बंद. आदल्या दिवशी उपटून ठेवलेल्या रोपाच्या मुठी बांधावर पडून होत्या. आईने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नऊच्या सुमाराला शेजारची मावशी बांधावर आली. मागे बाकीच्या सात जणी, डोक्यावर इरली. "व्हय गं, रोप सुकवतीस का काय?" म्हणत ती चिखलात उतरलीसुद्धा.

मी ओशाळले. "मावशी, आम्ही सावड सोडली ना! आईला फेडायला यायला जमणार नाही."

"फेडायचं कुणी म्हनलं? माज्या धाकट्याच्या टायमाला दोन सालं तुजी आई माज्या वाटनीचं वाकलीया. " तिने मागच्या एकीकडे बोट दाखवलं. "हिच्या हातावर पलास्टर व्हतं तवा हिच्या वाटनीचं. तू शानी झालीस, आमी काय ते इसरावं का?"

संध्याकाळपर्यंत खाचर हिरवं झालं. बायका गेल्यावर आई म्हणाली, "त्या कायबी म्हनू देत. मला फुकटचं बसून ऱ्हायचं न्हाई सावडीत."

सोमवारी मी कारखान्यात फोन केला आणि जपून ठेवलेली आठ दिवसांची रजा टाकली. आठ दिवसांचा माझा पगार आमच्या सगळ्या भाताहून जास्त होतो. हा हिशेब मला वहीशिवाय येतो. मावशीच्या खाचरात मी सगळ्यांच्या मागे राहिले, माझी ओळ वाकडी गेली, आणि बांधावर बसलेली आई मोठमोठ्याने माझ्या चुका काढत होती. किती दिवसांनी तिचा एवढा आवाज ऐकत होते.

संध्याकाळी मला पाठ सरळ करता येईना. आईने पालथं झोपवलं आणि तेल चोळायला घेतलं.

"किती दिस झालं?" तिने विचारलं.

"एक."

"आजून सात," ती म्हणाली आणि हसली.

मला हसू आलं नाही, रडू आलं. तीस वर्षं ती अशीच घरी येत होती, आणि तिच्या पाठीला कधी कुणी तेल लावलं नव्हतं. मीसुद्धा नाही.