आबांच्या बाथरूमचं दार

आमचा नवा फ्लॅट कळंब्याच्या बाजूला बांधून होत होता, तेव्हा आम्ही नवरा-बायको जेवढं भांडलो तेवढं आयुष्यात कधी भांडलो नव्हतो. आणि भांडण कशावरून, तर एका बाथरूमवरून. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला तेव्हा हसू येत नव्हतं, झोप उडाली होती.

बाथरूम आबांसाठी होतं. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं सगळं आयुष्य गुळाच्या बाजारात गेलं. गुळाचे रवे, म्हणजे जड ढेपा, उचलून त्यांचे हात असे झालेले, की म्हातारपणीही बरणीचं घट्ट झाकण आम्ही त्यांच्याकडेच न्यायचो. पण मधुमेहानं उजवा पाय गुडघ्याखाली गेला आणि चाकाची खुर्ची आली. खुर्चीवर ते घरभर स्वतः फिरायचे. फक्त भाड्याच्या त्या घरात बाथरूम दोन पायऱ्या खाली होतं, त्यामुळं तिथं माझ्या नवऱ्याला त्यांना उचलून न्यावं लागायचं. अंघोळ आणि बाकी सगळंच त्याच्या हातून. ज्या माणसासमोर बाजारात कुणी आवाज चढवत नव्हतं, तो माणूस रोज सकाळी मुलाच्या गळ्यात हात टाकून डोळे मिटून घ्यायचा. मला ते बघवत नसे. मी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी आपटत बसायची.

फ्लॅट ठरला त्या दिवशी जेवताना आबा एवढंच म्हणाले, "तितं मी माझा माझा जाईन की." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. पण आम्ही दोघांनी ते ऐकलं होतं.

बिल्डरच्या ऑफिसात जादा कामाचे प्रकार होते. रुंद दार, उंबरा नाही, भिंतीला धरायचे दांडे, न घसरणारी फरशी. या सगळ्याला 'प्रीमियम पॅकेज' असं नाव. ते बघून मी तिथंच म्हटलं, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. कारण माझा धाकटा भाऊ जयसिंगपुरात बांधकामाचीच कामं घेतो, आणि तो हेच काम निम्म्यात करून देतो म्हणत होता. अडचण अशी की ताबा मिळेपर्यंत बिल्डर बाहेरच्या माणसाला आत हात लावू देणार नव्हता. आणि ताबा मिळाल्यावर बाथरूमची फरशी फोडली की गळतीची हमी गेली.

नवऱ्याचं म्हणणं, बिल्डरकडूनच करू. माझं म्हणणं, भावाकडून. पुढं पुढं तर बाथरूम बाजूलाच राहिलं. नात्यात काम दिलं की नातंही जातं आणि कामही जातं, असं तो म्हणाला. उद्या खालच्यांच्या छताला ओल आली तर तुझ्या भावाला जयसिंगपूरहून बोलावत बसू का, असंही म्हणाला. मग मीही सोडलं नाही. माझ्या भावानं बांधलेल्या घरात तुम्ही दर दिवाळीला पाय पसरून घोरता, तेव्हा नाही कुठं ओल दिसली, असं सुनावलं. नंतर आमचं बोलणंच बंद झालं. मी आबांना सांगायची, चहा झालाय म्हणावं. आबा मान हलवायचे आणि निरोप पोचवायचे. ते काय विचार करत असतील, हे आम्ही कुणीच विचारलं नाही.

तेवढ्यात बिल्डरच्या इंजिनिअरचा फोन आला. शनिवारी चौकटी बसणार, त्याआधी काय ते ठरवा. एकदा चौकट बसून गिलावा झाला की दाराला हात लावता येणार नाही. पॅकेजमधली चौकट अडीच फुटी, खुर्ची त्यातून आरामात जाते, असं तो म्हणाला. मी भावाला बोलावलं. तो आला तेव्हा आबा दुपारचे झोपले होते. त्यानं पलंगाशेजारची रिकामी खुर्ची टेपनं मोजली आणि तोही म्हणाला, "अक्का, अडीच फुटी बास हाय." दोन्हीकडची माणसं एकच माप सांगत होती. म्हणजे प्रश्न उरला फक्त कुणाकडून करायचं एवढाच. आणि त्यात मला माघार घ्यायची नव्हती.

शनिवारी आबा म्हणाले, मी बी येतो बघायला. भावालाही मी बोलावून घेतलं होतं. लिफ्ट सुरू झालेली नव्हती. नवऱ्यानं एका बाजूनं आणि भावानं दुसऱ्या बाजूनं खुर्ची उचलली आणि दोन मजले चढवली. एकमेकांशी एक शब्द नाही, 'जरा वर घ्या' एवढंसुद्धा नाही. जिन्याला अजून कठडा नव्हता. आबा मध्ये बसलेले, एकदा याच्याकडं बघत, एकदा त्याच्याकडं. मी मागून चढत होते. या दोघांचा राग कुणाला महागात पडेल हे मला दिसत होतं, आणि त्यातला अर्धा राग मीच पेटवलेला होता.

वर बाथरूमच्या जागी नुसत्या विटांच्या भिंती. मिस्त्र्यानं चौकट तात्पुरती उभी करून धरली. इंजिनिअर म्हणाला, बघा, बसते खुर्ची. नवरा खुर्ची ढकलायला पुढं झाला, तर आबांनी हातानंच त्याला थांबवलं.

त्यांनी दोन्ही चाकं धरली आणि स्वतः निघाले. खुर्ची चौकटीत शिरली आणि थांबली. त्यांनी पुन्हा जोर लावला. चाकं धरलेली बोटं दोन्हीकडून लाकडावर घासली. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवले, तेव्हा बोटांच्या सांध्यांवरची कातडी निघालेली होती.

"खुर्ची जाती की," आबा म्हणाले. "माझं हात जाईनात."

नवरा लगेच वाकला. "आबा, मी ढकलतो की. मी हाय न्हवं?"

"तू हाईस म्हणूनच सांगालोय. तूच ढकलणार आसशील, तर मग कुणाकडनं बी करा. आणि न्हाय केलं तरी चालतंय."

मला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर संतापही आला. आम्ही सगळ्यांनी खुर्ची मोजली होती. त्यात बसणारा माणूस कुणी मोजलाच नव्हता.

भावानं विटांवर हात ठेवून इंजिनिअरला विचारलं, या बाजूला खांब नाही न्हवं? नव्हता. मग तो माझ्या नवऱ्याकडं वळला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्याशी बोलला. "दाजी, तीन फुटी करून घ्या. आणि आत्ताच, बिल्डरकडनंच. माझी वाट बघू नगा." हातचं काम तो स्वतःच सोडत होता. नवऱ्यानं इंजिनिअरला तीन फुटी लिहून घ्यायला सांगितलं. मी खिडकीकडं तोंड केलं.

तीन फुटी दार झालं. उंबरा गेला, दांडे बसले. पण बिल्डरच्या माणसांनी आतली कडी नेहमीच्या जागी, उभ्या माणसाच्या खांद्याशी लावली, खुर्चीतून हात पोचणार नाही अशी. नवरा म्हणाला, बरं झालं, कडी नकोच. पडले बिडले तर दार उघडायचं कसं? या वेळी मलाही त्याचंच पटत होतं. राहायला जायच्या आदल्या दिवशी भाऊ आला आणि कडी काढून खाली, बसलेल्या माणसाच्या हाताशी लावायला लागला. मी म्हटलं, अरे, कुणी सांगितलं तुला? तर म्हणाला, आबांनी फोन केलता.

पहिल्या सकाळी आबा टॉवेल मांडीवर घेऊन निघाले. नवरा सवयीनं उठला आणि तसाच खाली बसला. दार लागलं. मग आतून कडी सरकली. नवरा दाराशी जाऊन कान देऊन उभा राहिला, आणि मीही त्याच्या मागं. बादलीत पाणी पडायला लागलं, मग थांबलं. बराच वेळ काहीच आवाज नाही. नवऱ्यानं माझा हात धरला.

"भाईर कोण हुबं हाय?" आतून आबांचा आवाज आला, पूर्वी बाजारात असायचा तसा. "जावा तिकडं. माणसाला अंघोळ करू द्या."