पडद्यापलीकडचं टॉयलेट: बाबांबरोबर कुंभकोणमला

गेली चार वर्षं बाबा पुण्याबाहेर पडले नव्हते. लग्न असो, मुंज असो, आतेभावाच्या नव्या घराची वास्तुशांत असो, त्यांचं उत्तर एकच: "मला कंटाळा येतो गं. तुम्ही जाऊन या." खरं कारण त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. प्रोस्टेटचा त्रास आहे. लागली की पाच मिनिटांच्या वर धरवत नाही. त्यामुळे त्यांचं जग हळूहळू घरापासून कोपऱ्यावरच्या वाचनालयापर्यंत आलं होतं, कारण वाचनालयात टॉयलेट आहे.

डिसेंबरात मुकुंदकाकांचा फोन आला. काका आणि बाबा तरुणपणी पिंपरीच्या एका कारखान्यात शेजारी शेजारी बसून ड्रॉइंग काढायचे. काका मूळचे कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. निवृत्त झाल्यावर ते गावी परतले. "जानेवारीत मला ऐंशी पुरी होतायत. घरी पूजा आहे. रघू, तू आला नाहीस तर मी ऐंशीचा होणारच नाही," असं ते फोनवर म्हणाले. बाबा बराच वेळ रिसीव्हर धरून बसले आणि मग मला म्हणाले, "बघ जरा तिकिटं."

मी लगेच कामाला लागले. पुण्याहून थेट रेल्वेने जायचं तर सव्वा-दीड दिवस मोडतो आणि बाबांची कंबर तेवढं सोसत नाही. म्हणून पुणे ते चेन्नई विमान, एक मुक्काम, आणि सकाळी एग्मोर स्टेशनवरून कुंभकोणमची गाडी असा बेत केला. विमानातली जागा मी फार विचार करून घेतली. नकाशात पुढे एक टॉयलेट दिसत होतं. त्याला जवळ पडेल म्हणून पुढच्या महागड्या केबिनच्या लगेच मागची रांग, आणि बाबांना कडेची सीट. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

हीच माझी चूक झाली. तुमच्याबरोबर कोणी ज्येष्ठ असतील तर ती तुम्ही करू नका.

विमान वर गेलं, पट्ट्यांचे दिवे विझले आणि आमच्या नाकासमोर पडदा ओढला गेला. पडद्यापलीकडे आठ माणसं आणि एक टॉयलेट. अलीकडे आम्ही दीडशेच्या वर, आणि दोन टॉयलेट, तीही पार शेपटाशी. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर उघडला. निघाल्यापासून पाऊण तास झाला असेल. खाण्याची ट्रॉली आमच्या रांगेपासूनच सुरू झाली. ती आमच्या मागे दोन रांगा सरकली आणि तेव्हाच बाबा उठले.

मागची वाट ट्रॉलीने अडवलेली. बाबा पडद्याकडे वळले. आतून एक हवाई सुंदरी बाहेर आली, हसून म्हणाली, "सर, प्लीज मागचं वापरा." बाबांनी ट्रॉलीकडे बोट दाखवलं. "दहा मिनिटांत वाट रिकामी होईल, सर."

दहा मिनिटं! मी ताडकन उठले आणि मोठ्याने बोलले, "त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, थांबता येत नाही, जाऊ द्या ना!" विमानाच्या आवाजात माझा आवाज जरा जास्तच चढला. चार रांगांनी माना वर केल्या. पडद्याच्या फटीतून पुढचा एक गृहस्थ वळून म्हणाला, "पीछे दो हैं ना." बाबांचे कान लाल झाले. ते पुन्हा सीटवर बसले आणि म्हणाले, "मला नाही जायचं."

त्या मुलीने त्यांचा चेहरा पाहिला. ती खाली वाकली, अगदी हळू आवाजात म्हणाली, "या सर, माझ्याबरोबर या." पण पुढचं टॉयलेट नेमकं आतून बंद होतं. आत गेलेल्या माणसाला कसलीच घाई नव्हती. बाबा दारासमोर उभे. मी पडद्याशी उभी. दार उघडलं तोवर उशीर झाला होता.

त्या मुलीने एक घडीची शाल आणली, बाबांच्या कमरेभोवती गुंडाळली, आणि मला सांगितलं, "उतरताना घाई करू नका. सगळे गेले की तुम्ही या." चेन्नईच्या विमानतळावर बाबांनी कपडे बदलले. टॅक्सीत ते एकच वाक्य बोलले. "परतीचं रेल्वेचं काढ. आणि तू असं ओरडायला नको होतंस."

मी ओरडायला नकोच होतं. ते मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशीची गाडी सुरेख होती. वातानुकूलित चेअर कारमध्ये जागा सहज मिळाली. सहा तासांचा प्रवास. चिदंबरमच्या पुढे दोन्हीकडे भात पिवळा पडत आलेला, बांधांवर बगळे, मधूनच एखादं गोपूर. इडलीवाला येतो, वडेवाला येतो, दोघांचंही घ्या. डब्याच्या टोकाला टॉयलेट होतंच, तरी बाबांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी बाटली पुढे केली की ते खिडकीबाहेर बघायचे. कुंभकोणमच्या फलाटावर उतरताना त्यांचा पाय लटपटला. मी त्यांना बाकावर बसवलं. ओठ पांढरे पडले होते.

मुकुंदकाका स्वतः घ्यायला आले होते. पांढरं वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, पांढरा शर्ट, हातात छत्री. बाबांना बघून त्यांनी छत्री माझ्याकडे दिली आणि मित्राचा दंड धरला.

घर दारासुरम् रस्त्याला, स्टेशनपासून फार लांब नाही. दारातच कमलाकाकूंनी बाबांकडे निरखून पाहिलं. "हें काय, तोंड सुकून गेलंय की! वाटेंत पाणी घेटलं नाही काय?" काकूंचा जन्म इथलाच. त्यांची मराठी पुण्याच्या कानाला जुन्या बखरीतून आल्यासारखी वाटते, आणि शेजारीण आली की त्याच दमात त्या तमिळवर जातात. त्यांनी ताक आणलं, आलं आणि कढीपत्ता घातलेलं. बाबांनी अर्धा पेला घेतला. संध्याकाळी पितळी पेल्यात, वर फेस आलेली कॉफी आली. अख्ख्या तमिळनाडूत जिचं नाव निघतं ती इथली डिग्री कॉफी, नुसत्या दाट दुधाची. बाबा म्हणाले, "मला ॲसिडिटी होते." काका बाबांकडे बघत राहिले. बाबा म्हणजे पिंपरीत दिवसाला सहा कप पिणारा माणूस.

पूजेच्या आदल्या दिवशी दोन कामं होती. नाचियार्कोविल्‌हून समई आणायची आणि दारासुरम्‌ला विणकराकडून काकूंची रेशमी साडी. नाचियार्कोविल्‌ला कुंभकोणमहून बस सारख्या सुटतात, तुम्ही बसनेच जा, मजा येते. आम्ही काकांच्या ओळखीची गाडी घेतली. अर्ध्या वाटेवर काकांनी एका भाताच्या गिरणीशी गाडी थांबवली, आत गेले, पाच मिनिटांत रुमालाला हात पुसत आले. "रघू, तूही जाऊन ये. स्वच्छ आहे."

"मला नाही लागली," बाबा म्हणाले.

नाचियार्कोविल्‌ला एका कारखान्यात वाळूच्या साच्यात पितळ ओतताना पाहिलं. समईच्या डोक्यावर हंस बसवतात. एक कारागीर मांडीत हंस धरून त्याची पिसं छिन्नीने कोरत होता. मी तिथे तासभर रमले असते, पण बाबा एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागले होते. मी काही बोलले नाही. विमानातला माझा आवाज माझ्या कानांतून गेला नव्हता.

दारासुरम्‌ला विणकराचं घर म्हणजे पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग, मागे संसार. साडी अजून घडी व्हायची होती. काका आत शिरले आणि विणकराच्या आईला तमिळमध्ये काहीतरी खणखणीत विचारलं. म्हातारीने हसून परसाकडे हात केला. काका बाबांकडे वळले. "दोघांसाठी विचारलंय मी. तू आधी जा."

बाबा गेले. परत आले तेव्हा काका ओट्यावर बसले होते. बाबा शेजारी बसले. मी आत साडी बघत होते, पण मधे दारच नव्हतं.

"असं सरळ विचारतोस तू?" बाबा म्हणाले. "लाज नाही वाटत?"

"वाटली की. दोन वर्षं वाटली. मग लाजेचा कंटाळा आला." काकांनी पाय ओट्यावर वर घेतले. "पुतण्याच्या लग्नात, पहिल्या रांगेत, मांडव भरलेला. नवं वेष्टी. सगळं ओलं. ही माझ्यापुढे पदर धरून उभी राहिली आणि ओरडली, 'पायसम सांडलं, पायसम सांडलं!' सहा महिने मी घराबाहेर नाही पडलो. मग हिने मला सांगटलं, ऐंशीला टेकलेल्या माणसाला संडास कोणी नाही म्हणत नाही, पण मागायला तोंड उघडायला हवं." काका तिकडे परतल्यावर त्यांच्याही बोलण्यात काकूंचं 'सांगटलं' आलं होतं.

आत मागाचा खटका वाजत होता. मग बाबांनी विमानाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पडदा, ट्रॉली, माझं ओरडणं, आतला तो संथ माणूस, शाल. मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकत होते. "आत बसून तो काय करत होता, देव जाणे," बाबा म्हणाले. काका हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि बाबाही हसले, खांदे हलवून, आवाज न करता. चार वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. विणकराने माग थांबवून मला खुणेने विचारलं, काय झालं? मी खुणेनेच म्हटलं, काही नाही.

घरी आल्यावर बाबांनी काकूंकडे कॉफी मागितली. एक नाही, दोन कप.

पूजा सकाळी अंगणात झाली. काका-काकूंना पाटावर बसवून मंत्र म्हटलेल्या कलशांचं पाणी आप्तांनी त्यांच्या डोक्यावर घालायचं असतं. बाबांनी आपला कलश हळूच, काकांच्या कानात पाणी जाऊ नये अशा बेताने ओतला. काका भिजलेल्या मिशीतून म्हणाले, "आता झालो ऐंशीचा." पानावर आंबट भाजी, उडदाच्या पिठाची डांगर पचडी, सांबार, पायसम. इकडच्या मराठी घरी जेवायचा योग आला तर आंबट भाजी दुसऱ्यांदा मागून घ्या.

निघायच्या आदल्या दुपारी मी बाबांना विचारलं, "रेल्वेचं बघू का?"

"विमानाचं आहे ना? राहू दे. मागची सीट मिळते का बघ."

शेवटून दुसरी रांग मिळाली. चेन्नईला विमानाच्या दारात बाबा थांबले. मी मागे होते. तोंड उघडायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. बाबांनी आपल्या कारखानी इंग्रजीत तिथल्या मुलीला सांगितलं की मला प्रोस्टेटचा त्रास आहे, ट्रॉली काढायच्या आधी मला सांगाल का? ती म्हणाली, "जरूर, सर. सीट नंबर?" बस. एवढंच होतं ते.

पुढे तिने आपणहून माहितीही दिली. पुढचं टॉयलेट पुढच्या प्रवाशांसाठी राखलेलं असतं, नियम कंपनीगणिक थोडे बदलतात, पण खरी नड असेल तर कर्मचारी वाट काढू शकतात. फक्त आधी सांगावं, ऐनवेळी नाही. मी स्वतः शिकलेलं आणखी थोडं: पट्ट्यांचा दिवा विझला की लगेच जाऊन या, खाणं येईपर्यंत थांबू नका. आत गेलात तर बाहेर कोणी उभं आहे हे लक्षात ठेवा, केस विंचरायला तुमच्या सीटवर भरपूर वेळ आहे. आणि निघताना बेसिन कागदाने पुसा.

ट्रॉलीच्या आधी ती मुलगी खरंच आली. "सर, आत्ता." बाबा उठले. दोन्ही दारं बंद, बाबा रांगेत पहिले. तेवढ्यात त्यांच्या मागे एक बाई आली, हाताला पाचेक वर्षांची मुलगी, पाय आवळून नाचणारी. बाबांनी खाली पाहिलं. दार उघडलं. बाबा बाजूला झाले आणि म्हणाले, "जा बेटा."

बाबा भिंतीला हात टेकून उभे, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, एकोणतीसचा पाढा म्हणत होतो. दुसरं दार उघडलं तेव्हा ते एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्टवर होते. परत आले ते टाय नीट केल्यासारखा हात गळ्याशी नेत, जरी टाय नव्हता. सीटवर बसून त्यांनी पूर्ण पेलाभर पाणी प्यायलं.

पुण्याला येऊन आता तीन आठवडे झाले. लोक विचारतात, कुंभकोणमला काय पाहिलंत? देवळं पाहिली, महामहमचं तळं पाहिलं, समई आणली, ती बैठकीत आहे. पण माझ्या मनात राहिला तो विणकराचा ओटा.

गेल्या रविवारी सोसायटीत विषय निघाला की खालच्या मजल्यावरचे साठेकाका दोन वर्षं लेकीकडे बंगळूरला गेलेले नाहीत. गुडघे फार दुखतात म्हणतात. लेक फोनवर रडते. बाबांनी ऐकून घेतलं. दुपारी चहा झाल्यावर ते एकटेच खाली गेले. तासाभराने वर आले, चप्पल काढली, पंख्याखाली बसले.

"साठ्याचे गुडघे उत्तम आहेत," ते म्हणाले. "त्याला मागच्या रांगेतली सीट कशी निवडायची ते दाखव."