ताईच्या निवृत्तीची बेरीज

माझी थोरली बहीण इस्पितळाच्या कपडेघरात काम करते. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं धुऊन तिच्या टेबलावर येतं. ती मोजते, घड्या घालते आणि वॉर्डांत पाठवते. खोली तळघरात आहे. खिडकी नाही, वाफ मात्र भरपूर, आणि फरशी इतकी कडक की संध्याकाळपर्यंत पायांत गोळे येतात. हे मी एकदा तिथं थोडा वेळ उभी राहिले होते त्यावरून सांगते, ताईने सांगितलेलं नाही. ताई कधी 'दमले' म्हणतच नाही. घरी येते, चपला काढते, भिंतीला हात लावून क्षणभर उभी राहते आणि म्हणते, "आज बाहेर वारा बरा सुटलाय." वारा कसला डोंबलाचा! पण नवऱ्यासमोर दमल्याचं दाखवायचं नाही, हा तिचा नेम.

नवरा, म्हणजे माझे भाऊजी, रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचे. त्या वासांनी त्यांच्या छातीची वाट लावली आणि डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. तेही काही कमी नाहीत. जिना चढून आले की दाराबाहेर थांबतात, खोकून घेतात, दम खातात, आणि मगच बेल वाजवतात. दोघं एकमेकांना इतकं जपतात की बघणाऱ्याच्या डोक्याला ताप. भाऊजी भाजी शिजत टाकतात, मीठ घालतात आणि जरा आडवे होतात. तेवढ्यात ताई येते, त्यांना उठवायला नको म्हणून गुपचूप स्वतःच मीठ घालते. 'घातलंत का हो?' एवढं विचारायला जीभ झिजते की काय, देव जाणे. त्यांच्याकडे जेवायला बसताना मी आधी पाण्याचा जग जवळ ओढून घेते.

घरी बसल्यावर भाऊजींचा दिवस सरेना. मग त्यांनी एक जुना संगणक घेतला आणि त्यावर घरखर्च लिहायचं सॉफ्टवेअर घातलं. ताईच्या पगारातून दर महिन्याला काही रक्कम कापून तिच्या निवृत्तीच्या खात्यात जाते. त्या रकमेवर करात सूट मिळते, म्हणून वर्षाचा कर भरताना तिचा हिशेब लागतो. सुरुवात झाली ती एवढ्यासाठीच. पण गोदाम गेल्यापासून रिकामे झालेले त्यांचे हात त्या पडद्याला जे चिकटले ते चिकटलेच. वीजबिल, औषधं, घरभाडं, सगळ्याला वेगवेगळे रंग. मी गेले की मला खुर्ची ओढून बसवायचे आणि दाखवायचे. मी जांभई गिळून "वा वा" म्हणायचे.

त्या पडद्यावर सगळ्यात वर, ठळक हिरव्या अक्षरांत, निवृत्तीच्या खात्याची एकूण रक्कम दिसायची. नियमाप्रमाणे ताईची अजून चार वर्षं बाकी होती. पण घरभाडं आणि औषधं भागतील इतकी रक्कम साठली तर ती आधीही थांबू शकत होती. भाऊजींनी तो आकडा केव्हाच काढून ठेवला होता. "तिथं पोचलो की दुसऱ्या दिवशी तू घरी," असं ते तिला म्हणायचे. ताई हसायची. पण मला एकदा रस्त्यात चालताना म्हणाली, "सकाळी उठायचं नाही, अशी एखादी सकाळ कशी असेल गं?" आणि लगेच विषय बदलला.

यंदा हिरवा आकडा तिथं पोचला. भाऊजींनी मला फोन केला, तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. मला वाटलं खोकला आहे, पण ते रडत होते. ताईने राजीनामा दिला. महिन्याभरात सुटका होणार होती. कपडेघरातल्या पोरींनी वर्गणी काढून तिला घरात घालायच्या मऊ सपाता आणल्या, आत लोकर असलेल्या. त्या देताना एक जण म्हणाली, "मावशी, आता उभं राहायचं नाही हं, फक्त बसायचं." ताईने त्या घरी आणल्या आणि निवृत्तीच्या दिवशी घालीन म्हणून खोक्यातच ठेवल्या.

मग निवृत्ती खात्याच्या कचेरीतून पत्र आलं. तुम्हाला इतकी रक्कम मिळेल, असं त्यात होतं. ती हिरव्या आकड्याच्या जेमतेम निम्मी होती.

पत्र ताईच्या हाती पडलं. तिने ते भाऊजींना दाखवलंच नाही. कचेरीचीच चूक असणार, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला, म्हणून माझ्याकडे आली. भाऊजी फिरायला गेले असताना तिने सॉफ्टवेअरमधल्या त्या खात्याचे सगळे कागद छापून घेतले होते. आम्ही दोघी बाजारातल्या एका करसल्लागाराकडे गेलो. त्याला सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांनी शिंकायचा आणि माफी मागायचा. मी मनात त्या कचेरीला शिव्या घालत होते आणि तक्रारीचा अर्ज कसा लिहायचा तेही ठरवत होते.

त्याने कागद चाळले, पहिल्या पानावर परत आला आणि विचारलं, "या दर महिन्याच्या नोंदी कोण करतं?"

"मी," ताई म्हणाली. "पगाराची चिठ्ठी हातात आली की लगेच फोनवरून टाकते. तेच सॉफ्टवेअर फोनवरही चालतं ना. यांना तेवढाच त्रास कमी."

"आणि वर्षाअखेरची ही मोठी नोंद?"

ताईने पान स्वतःकडे ओढून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ती मी नाही केलेली."

ती भाऊजींची होती. गोदामात आयुष्य गेलेला माणूस. तिथं वर्षाच्या शेवटी माल मोजायचा आणि एकदाच पक्की नोंद करायची, ही त्यांची रीत. कर भरण्यासाठी वर्षभराच्या कपातीचा दाखला आला की ते सगळी रक्कम एका फटक्यात लिहायचे. आणि कपडेघरात एक अभ्रासुद्धा नोंद केल्याशिवाय दाराबाहेर जात नाही, म्हणून ताई महिन्याच्या महिन्याला लिहायची. तेच पैसे दोघांनी लिहिले होते, वर्षानुवर्षं, अगदी जुन्या चिठ्ठ्या-दाखल्यांपासून. तिला वाटायचं, कपातीचं काम मी उरकते. त्यांना वाटायचं, बिचारी दमून येते, हे तरी मी करतो. खालची यादी दोघांनीही कधी उघडली नाही. दोघंही वरच्या हिरव्या आकड्याकडे बघून खूश.

"कराचं काही बिघडलेलं नाही," सल्लागार शिंक आवरत म्हणाला. "तिथं तुम्ही दाखलाच जोडत होतात. फक्त ही बेरीज खरी नाही. माफ करा हं." ती माफी शिंकेची होती की बेरजेची, मला कळलं नाही.

बाहेर आल्यावर ताई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. रस्त्यात अशी बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मला भाऊजींचा इतका राग आला होता की काही विचारू नका. त्याहून जास्त तिचा आला होता. मी म्हटलं, "चल घरी. दोघांनाही एकदा समोरासमोर बसवते."

"काही बोलायचं नाहीस तू," ती म्हणाली. "त्यांचा एवढाच तर आनंद आहे. त्यांना कळलं तर पुन्हा त्या खुर्चीत बसणार नाहीत."

ताईने राजीनामा मागे घेतला. तिच्या जागी अजून कुणी मिळालं नव्हतं, त्यामुळे साहेबाने एका शब्दात मान्य केलं. घरी तिने सांगितलं, "माझ्यावाचून अडतंय म्हणे त्यांचं. फारच गळ घातली, मग मलाच नाही म्हणवेना." भाऊजी म्हणाले, "अडणारच. मला माहीत होतं." मऊ सपातांचं खोकं कपाटावर गेलं आणि ताई सकाळी उठून पुन्हा तळघरात जायला लागली.

पुढच्या रविवारी मी जेवायला गेले. ताई आत भांडी काढत होती. भाऊजींनी मला नेहमीसारखं खुर्ची ओढून बसवलं, पण या वेळी रंग दाखवले नाहीत. निवृत्तीचं खातं उघडलं. वर्षाअखेरच्या त्यांच्या सगळ्या नोंदी पुसलेल्या होत्या. हिरवा आकडा निम्मा झाला होता.

"पत्राची एक प्रत माझ्या मेलवर पण आली, खात्याला माझाच पत्ता दिलाय ना," ते एकदम दबक्या आवाजात म्हणाले. "माझ्या हातून झालं. तिला बोलू नकोस. तिला वाटतंय मला काहीच माहीत नाही. वाटू दे."

म्हणजे दोघांनीही एकमेकांना ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि मी मधल्यामध्ये मूग गिळून बसायचं! पानं वाढली. मी पहिला घास घेतला. भाजी खारट, तोंडात धरवेना इतकी. समोर दोघं माना खाली घालून तीच भाजी मुकाट्याने गिळत होती.

तिथं माझा तोल गेला. "मीठ कुणी घातलं?" मी ओरडलेच. "दोघांनी घातलं ना? अरे, विचारा ना एकमेकांना! खात्यातही तेच केलंत, आता त्या पत्राचंही तेच चाललंय. हिला माहीत आहे भाऊजी, आणि ताई, त्यांनाही माहीत आहे. सगळ्यांना सगळं माहीत आहे. आता तरी तोंड उघडा!"

नळ ठिबकत होता. मला वाटलं, मी घरच मोडलं. भाऊजींनी ताट थोडं दूर सारलं.

"चार वर्षं," ते शेवटी ताईला म्हणाले. "माझ्यामुळे."

"दोघांमुळे," ताई म्हणाली.

"यापुढे मी त्या खात्याला हातसुद्धा लावणार नाही. तूच लिहीत जा महिन्याच्या महिन्याला. तुझी रीत बरोबर होती."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती नेहमीसारखं वाऱ्याचं काहीतरी काढेल. तिने हातातला घास ताटात ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हीच लिहा. मी दमलेय हो. खूप दमलेय."

भाऊजी उठले. स्टुलावर चढून त्यांनी कपाटावरचं खोकं काढलं आणि तिथंच उभ्या उभ्या खोकले, अजिबात न लपवता. मग तिच्या पायांशी खाली बसून त्यांनी त्या सपाता एकेक करून तिच्या पायांत घातल्या.