दोन-आठ म्हणजे अडीच

हव्वाबींच्या हातात हात दिला, की त्या आधी अंगठ्याखालचं हाड दाबून पाहतात आणि माप सांगतात. पट्टी नाही, काही नाही. पनवेलच्या बाजारातलं त्यांचं बांगड्यांचं दुकान म्हणजे एक ओटा, काचेची दोन कपाटं आणि एक गादी. सासूबाईंच्या जागी त्या तिथे चव्वेचाळीस वर्षं बसताहेत.

गेल्या दिवाळीच्या आधी मी बांगड्या भरायला गेले, तेव्हा त्यांनी हाड दाबलं आणि म्हणाल्या, "बाई, तुमचा हात दोन-सहाचा होता. रिटायर झालात आणि दोन-आठचा झालाय."

शेजारी नेरे गावची वेणू बसली होती. ती म्हणाली, "माजा तर दोन-बारानं बी नाय भागायचा. भाकऱ्या थापून थापून पाट झालाय हाताचा."

त्या दुकानात एक शब्द चालत नाही. बांगडी 'फुटली' असं म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. हव्वाबींना सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या तर जुनी बांगडीसुद्धा साबणाचं पाणी लावून अख्खी उतरवतात. आपल्या हातानं आजवर एकही वाढवली नाही, हे त्या मोठ्या अभिमानानं सांगतात.

त्या दिवशी त्यांची नात जास्मीन कपाटाआड गणिताची वही पोटाशी धरून बसली होती. पोरगी पाचवीत, वडील आदिल कुवेतला, म्हणून ती दादीजवळच असते. शिष्यवृत्ती परीक्षेला नाव द्यायचा शेवटचा दिवस शनिवार, आणि ती नाव देणार नाही म्हणत होती. दशांश अपूर्णांकांच्या चाचणीत तिला वीसपैकी तीन मिळाले होते. आदिल फोनवर म्हणाला होता, नको तर नको. हव्वाबींना ते पटत नव्हतं. त्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटली. हिला शिकू द्या म्हणून मास्तर घरी सांगायला आले होते, हे त्या अजून विसरलेल्या नाहीत.

माझा एक हात त्यांच्या हातात अडकलेला. दुसऱ्या हातानं मी वही मांडीवर उघडली आणि मोठ्यानं वाचू लागले. २.८ आणि २.१० यांत मोठी संख्या कोणती? जास्मीननं २.१० लिहिलं होतं. पुढे २.४ म्हणजे सव्वादोन, २.८ म्हणजे अडीच, २.१२ म्हणजे पावणेतीन. प्रत्येकावर लाल फुली.

हव्वाबी बांगडी चढवता चढवता थांबल्या. "सगळं बरोबर आहे की. फुल्या कुणी मारल्या?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी सगळं लक्षात आलं. बांगड्यांच्या खोक्यावर २.८ लिहितात ते दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांतले आठ. दोन-चौदानंतर थेट तीनचं माप येतं. जास्मीन बोलायला लागली तेव्हापासून हीच खोकी लावत आली होती. शाळेतल्या टिंबापुढे दहा भाग असतात, दुकानातल्या टिंबापुढे सोळा. पोरीनं सगळी उत्तरं दुकानाच्या टिंबानं, अगदी चोख काढली होती.

मी तसं समजावून सांगितलं. हव्वाबींनी ओठ दाबले. "म्हणजे चूक माझ्या खोक्यांची."

माझा अर्धा भरलेला हात सोडून त्या उठल्या. एका दांडीवर सोळा हिरव्या बांगड्या ओवल्या, दुसरीवर दहा लाल. हिरवी दांडी आपली, लाल शाळेची, असं सांगून त्यांनी जास्मीनला दोन्हींच्या निम्म्या काढायला लावल्या. तिनं आठ काढल्या आणि पाच काढल्या. दोन्ही ढीग शेजारी शेजारी मांडले.

"आपलं दोन-आठ ते शाळेचं दोन पॉइंट पाच," ती हळूच म्हणाली. "दोन्ही अडीचच."

मग पाव. सोळातून चार लगेच आल्या. दहातून दोन आल्या आणि गाडी अडली, कारण पुढे अर्धी बांगडी हवी होती. हव्वाबींनी एक लाल बांगडी उचलली आणि दोन्ही अंगठ्यांत धरली. वेणूनं माझ्याकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांत जे केलं नाही, ते त्या नातीच्या पाव भागासाठी करायला निघाल्या होत्या. अंगठ्यांची नखं पांढरी झाली.

"दादी, वाढवू नकोस." जास्मीननं त्यांचं मनगट धरलं. "दहा नको, शंभर घे. शंभरातून पंचवीस येतील. सगळ्या अख्ख्या."

"वाचली गो बाय," वेणू म्हणाली. ती बांगडीबद्दल बोलली की पोरीबद्दल, मी विचारलं नाही.

जास्मीननं वहीत सव्वादोनपुढे २.२५ लिहिलं. मग परवा आलेल्या मालाची पेटी तिला आठवली. त्यात शंभरामागे चार वाढलेल्या निघाल्या होत्या. म्हणजे चार टक्के का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती दोन्ही दांड्या घेऊन पुन्हा कपाटाआड गेली, आणि थोड्या वेळानं आतूनच आवाज आला, "दादी, नाव द्यायला आधार कार्ड लागतं. कुठे ठेवलंयस?"

 हव्वाबींनी खाली बसून माझा हात पुन्हा हातात घेतला. हिरव्या पाच चढवल्या आणि सहावी ती लाल चढवली, जी वाढता वाढता राहिली होती. बरोबर माझ्या मापाची होती.

आता दुपारी त्या ओट्यावर जास्मीनबरोबर गणितं सोडवायला आणखी चार-पाच मुलं बसतात. पंधरा टक्के काढताना कुणी अडखळलं की जास्मीन दादीच्याच सुरात सांगते, आधी दहा काढ, मग त्याच्या निम्मे त्यात मिळव, वही कशाला उघडतोस. आणि हव्वाबी गिऱ्हाइकाचं हाड दाबता दाबता मान हलवतात.